जिभेवरची गाठ आणि अक्कांचा डबा

उदगीर,
श्रावण, गुरुवार

तीर्थरूप जगदेवी अक्का यांस तुमच्या धाकट्या बहिणीच्या घरून शिवमूर्तीचा शरणु शरणार्थी.

तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल, आणि शंकरप्पा अण्णा साखर वाढल्यापासून पेढ्याच्या दुकानावरून सरळ घरी येत असतील, अशी आशा आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे याचं नवल वाटेल. सध्या मला बोलता येत नाही, आणि तुमच्या मोबाईलवर काही पाठवलं तर ते आधी नातवंडं वाचतात. संक्रांतीला इकडे राहिलेल्या तुमच्या डब्याबद्दल तुम्ही पुन्हा विचारलंत. डबा सुखरूप आहे, पण अजून रिकामा झालेला नाही, म्हणून पाठवला नाही. गैरसमज नसावा.

मुख्य गोष्ट अशी की माझ्या जिभेवर गाठ आली. (घाबरू नका. मी दोघांच्या वाटचा घाबरलो आहे.) उजव्या कडेला, हरभऱ्याच्या डाळीएवढी. दुखत नव्हती, हेच मला जास्त वाईट वाटलं, कारण मोबाईलवर जे वाचलं त्यात न दुखणाऱ्या गाठीबद्दल फार वाईट लिहिलं होतं. घरचा आरसा लहान, म्हणून दुकानातल्या मोठ्या आरशात जीभ काढून बघत होतो, तेव्हा ब्लाऊजपीस घ्यायला आलेल्या एक बाई मागे उभ्या होत्या हे दिसलं नाही. त्या पिशवी उचलून समोरच्या दुकानात गेल्या. आता मला बघितलं की पदर सारखा करतात.

कोणाला सांगावं तर आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. तोंडात गाठ म्हटली की लोक पहिल्यांदा म्हणणार, तंबाखू खात असणार गुपचूप. मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही, हे सांगणारी एकच साक्षीदार होती, सिंधु, ती गेली. मंजुश्रीला सांगायचा तर धीरच होईना. आईला जाऊन वर्ष झालं नाही, लेकीला आता बापाचं काय सांगू? ती रोज संध्याकाळी पुण्याहून फोन करते. गाठ दाताला लागून माझे शब्द जड यायला लागले, तसा मी नुसता हुं हुं करू लागलो. ती रागावली. "बाबा, आई असताना बोलत नव्हता ते ठीक होतं, आता तरी तोंड उघडा की!" तोंड उघडण्याचीच तर भीती होती.

त्यातच चूक झाली. शेजारच्या भांड्याच्या दुकानातला वीरेश आला. मी गिऱ्हाइकाला बोटांनीच भाव सांगत होतो. त्याने विचारलं, "काय ओ काका, मौन धरलाव काय काकूसाठी?" मी मान डोलावली. खुलासा करायला जीभ लागते, मान डोलवायला लागत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात झालं की शिवमूर्तीअप्पांनी बायकोच्या नावाने मौनव्रत धरलंय. बायका येऊन नमस्कार करू लागल्या आणि जाताना नवऱ्याला सुनावू लागल्या, "बघा जरा, शिका!" सोमवारी मठात स्वामीजींनी मला पुढे बसवून शाल घातली. (शाल माझ्याच दुकानातली. सकाळी मीच बोटं दाखवून भाव कमी केला होता. कोणासाठी नेताय ते सांगितलं असतं तर आणखी कमी केला असता.) आणि जाहीर केलं की पुढच्या सोमवारी अप्पा मौन सोडतील आणि सिंधुबाईंच्या गुणांवर चार शब्द बोलतील.

माल भरायला जातो असं खुणेने सांगून मी लातूर गाठलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. तंबाखू? गुटखा? सुपारी? मिश्री? मी प्रत्येक वेळी आडवी मान हलवली, पण त्यांची नजर काही निवळली नाही. मग त्यांनी कागदावर जीभ काढून समजावलं. वर कातडी, खाली स्नायू, मध्ये नसा, रक्तवाहिन्या, थोडी चरबी, लाळेच्या बारीक ग्रंथी, आणि हे सगळं बांधून ठेवणारे तंतू. यातल्या कशातूनही साधी गाठ उगवू शकते. कातडीतून आली तर फुलकोबीसारखी खरबरीत, रक्तवाहिन्यांची असेल तर निळसर आणि दाबली की फिकी पडणारी, चरबीची मऊ पिवळट, तंतूंची गुळगुळीत. नसेच्या वेष्टनातूनही एक येते, तिच्या पेशींत दाणे दिसतात. मी नववीला ऊती हा धडा पाठ केला होता, पण त्या ऊती आपल्या तोंडात असतात हे तेव्हा मनावर घेतलं नव्हतं. मी लिहून विचारलं, हाताला लागून कळत नाही का? मला तर सूत आणि टेरिकॉट डोळे मिटून कळतं. त्या हसल्या. "अंदाज येतो ओ काका, पण धागा सोडवून बघितल्याबिगर मी बिल फाडत नसते." मग गाठ पूर्ण काढली, टाके घातले आणि तुकडा तपासायला पाठवला. कडक काही खाता का, असंही विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

आज उत्तर यायचं आहे. सकाळपासून फोन समोर ठेवून बसलो आहे. गिऱ्हाइकाला साडी दाखवताना घडी उलटी पडते. आता मौन खरंच आहे, टाक्यांमुळे. वाईट निघालं तर मंजुश्रीला तुम्हीच सांगा, तुम्हाला रडता रडता बोलता येतं. माझ्याकडून दोन्ही होत नाही. अण्णांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
शिवमूर्ती

ता.क. पत्र चिकटवणार तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. गाठ साधी आहे. तंतूंची दाट वीण, वर ताणून पातळ झालेली कातडी, वाईट पेशी एकही नाही. नाव फायब्रोमा. मूळ कारण सततचं घासणं. मागे एक दाढ तुटलेली आहे, तिची धार जिभेला लागत होती. दाढ कशाने तुटली, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मी फोनवर हुं केलं.

दुसरा ता.क. तुम्हाला सांगतो. सिंधुच्या हाताचे शेवटचे तिळाचे लाडू तुमच्या डब्यात आहेत. तिचा पाक नेहमीच पुढे जायचा, हे तुम्हाला माहीत आहे. मी रोज झोपताना थोडा थोडा चावत होतो. आता मुंग्यांनीसुद्धा त्यांचा नाद सोडला आहे. दाढ त्यानेच गेली. सोमवारी मठात तिच्या गुणांवर बोलायचं आहे आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य येतंय, की तिचे लाडू फार कडक व्हायचे आणि मी संसारभर मऊ झालेत म्हणत आलो. हे मठात बोललेलं चालेल का? कळवू नका, स्वतःच या आणि माझ्या शेजारी बसा. मी अडकलो तर पुढचं तुम्ही बोला. ती असती तर तीच बोलली असती.

तिसरा ता.क. डबा तुमच्या हाताने घेऊन जा. माझ्याच्याने लाडू टाकवत नाहीत आणि डॉक्टर खाऊ देत नाहीत. मात्र एक लाडू कमी भरेल. तो मी खलबत्त्यात घातला आहे. अजून फुटलेला नाही.