भुयारातला दुसरा

१० नोव्हेंबर २००८, महाड

बनू गो, पायात वहाणा घालून घरभर वहाणा शोधणारी तू. मी आपलं कापडे गाव सोडून चार दिवस झाले की ‘राहीबाय कोण?’ म्हणून विचारशील. म्हणून रोजचं रोज लिहवून घेते, वही भरली की एसटीने धाडते. तुझी नात पूजा वाचून दाखवेल. पूजा, मधलं काही गाळायचं नाही, मला कळतं.

लिहिणारी आहे वरच्या मजल्यावरची ईरा. शाळेत बाई आहे, दुपारी मोकळी असते. मी ‘नाय’ म्हटलं की ती ‘नाही’ लिहिते. म्हटलं, लिही बाई, तोंड माझं, शाई तुझी.

माझा रघुवीर स्टँडवर घ्यायला आला होता. नातू इंजिनियर झाला, पण डाळीला फोडणी देता येत नाही. वाळून काडी झालाय. म्हणून तर आजीची आठवण आली. घर छान आहे. नळाला पाणी, खिडकीतून सावित्रीचं पात्र दिसतं. आतल्या खोलीत त्याचा संगणक, आणि शेजारी पाच हिरव्या दिव्यांचं डबडं. त्याला राउटर म्हणतात. त्यातून म्हणे थेट कारखान्यापर्यंत भुयार जातं, व्हीपीएन नावाचं. इथे बसून तिथली यंत्रं बघायची, तिथले भोंगे चालू-बंद करायचे, बाहेरच्या कुणाला पत्ता नाही. म्हटलं, माझ्या लग्नात असलं भुयार असतं तर मी सासरी कशाला नांदले असते? घरी बसूनच भाकऱ्या थापल्या असत्या.

१३ नोव्हेंबर

भुयार रोज तुटतंय. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. अक्षर कळत नसलं तरी घड्याळ मला कळतं.

रघुवीरने डबडं बंद केलं, चालू केलं. वायर बदलली. पासवर्ड बदलला. पुण्याच्या मदतकेंद्राला फोन लावला, तर तिथल्या मुलीने पुन्हा बंद कर, चालू कर असंच सांगितलं. एवढ्यासाठी पुणं कशाला हवं? आमची म्हैस अडली तरी आम्ही तेच करायचो, मागे ओढ, पुढे हाक.

जेवताना रघुवीरला सहज म्हटलं, बनूचा पोरगा हैबती याच कारखान्यात होता. शिमग्याच्या सुट्टीत एकटा पाळीला गेला आणि गॅसने गेला. वर कंपनीने लिहिलं, गॅस सुटल्याचा भोंगा त्यानेच बंद केला होता, चूक त्याचीच. रघुवीर ताटातल्या भातात बोटं फिरवत राहिला. मग उठला. ताट तसंच.

१५ नोव्हेंबर

मदतकेंद्राच्या मुलीने आज वेगळंच सांगितलं. या घरातून एकाच वेळी दोन माणसं भुयारात शिरतात, म्हणून तुटतं. एक रघुवीर. दुसरा एका कामगाराचा नंबर, मार्चपासून बंद केलेला. कुणाचा, म्हणून मी विचारलं. रघुवीर म्हणाला, कुणाचा नाही. नंबर काढून टाकायला लावला.

चार दहाला पुन्हा तुटलं.

खोलीत वास आला, सडक्या अंड्याचा. बनू, हैबतीचे कपडे तू वेगळ्या बादलीत धुवायचीस ना, तो वास.

१७ नोव्हेंबर

आठव गो. तुझ्या डाव्या हातावर हैबतीचं नाव आहे. गोंदणारीने सुई मारली तेव्हा तुझा हात मीच धरला होता. उभ्या जन्मात तेवढीच तीन अक्षरं मी ओळखते.

आज ती संगणकावर बघितली. सगळीकडे इंग्रजीच्या मुंग्या, आणि मधोमध ती तीन. ईराने वाचलं, हैबतीच. खाली एक ओळ: भोंगा मी बंद केला नाय.

ईराने ते ‘नाय’ तसंच ठेवलंय.

रघुवीरने ओळ पुसली. परत आली. त्याने डबड्याची वायर उपटली. दिवे विझले. ओळ तिथेच.

१८ नोव्हेंबर

बोलला. माझ्या पायाशी बसून बोलला.

शिमग्याला भोंगा दोनदा उगाच वाजला होता. सुट्टीचं कोण जातंय, म्हणून याने इथे बसून भुयारातून बंद केला. भोंगा गप्प, म्हणून हैबती निर्धास्त आत गेला. चार दहा. नंतर याच भुयारातून याने नोंद फिरवली, स्वतःचा नंबर काढून हैबतीचा घातला.

म्हटलं, पोलिसांत जा. नोकरी जाईल म्हणतो. तुरुंगात पडेन म्हणतो.

बनू, हा बाराव्याला तुझ्याकडे जेवला. तुझ्या हातचं. पुन्हा भात मागून घेतला.

मला रडू येत नाय. हात शिवशिवतायत.

१९ नोव्हेंबर

हैबतीचं नाव कायमचं पुसतो म्हणून खोलीत गेला. मी बाहेरून कडी घातली. सांगितलं, संगणकातलं पुसतोस, आता शाई पुसून दाखव. दाराआडून बोल, ईरा लिहिते. मग कडी निघेल.

हसला. आजी, खेळ पुरे म्हणाला.

चार दहा—

खोलीत भोंगा वाजतोय. डबड्याची वायर माझ्या हातात हाय. तरी दाराखालून हिरवा उजेड. वास—

कडी काढ म्हणतोय. नाय काढली. माझ्या बनूच्या पोराला कुणी काढली होती?

आता बोलतोय. लिही ईरा. भोंगा रघुवीरने बंद केला. हैबतीने नाय. नोंद रघुवीरने फिरवली. तारीख घाल. ईराने मोठ्याने वाचलं. आतून हो म्हणाला.

कडी काढली—

दार उघडत नाय. शेजारचे दोघे खांदे लावतायत. ईरा, तू उठू नको, तू लिही—

आत दोघं खोकतायत, बनू. एक माझा—

हैबती, बास रे. बोलला तो. माझं एवढं ऐक—

आता एकच खोकला हाय. तो माझ्याचा नाय.

पूजा, ही वही पोलिसांत दे, आजीला रडायला नंतर बसव. आणि बनू, दहाव्याला भात तूच शिजवून पाठव. मीठ घालू नको, काळे तीळ घाल. पिंड दोन होतील एवढा. पहिला तुझ्या हैबतीचा, आणि दुसरा माझ्या—