अकोल्याहून आणलेला तुकडा

६ मे, अमरावती
डॉ.बाईनं आज कागदावर साखळी काढून दाखवली. पेशीला ‘वाढ’ म्हणून निरोप जातो, एकीकडून दुसरीकडे. ताईच्या फुफ्फुसात त्यातली कोणती तरी कडी बिघडली असेल, म्हणून निरोप थांबतच नाही. कोणती ते कळलं तर नेमकी तिलाच अडवणारी गोळी असू शकते. नाहीतर सलाईनवाला किमो. आत्ताच जिना चढवत नाही तिला, किमो म्हणजे... जाऊ दे.
तपासणी मुंबईला. तुकडा मात्र अकोल्याच्या लॅबमध्ये, बायोप्सी तिथं झाली म्हणून. आणायचा कोणी? जिजाजी माझ्याकडे पाहून म्हणे, “रिकामा तूच हायस.”

८ मे, अकोला
सही करून मिळाला. काडेपेटीहून लहान प्लास्टिकची चौकट, तिच्यात मेण, मेणात तांदळाच्या कणीएवढी ताई. लॅबवाली मॅडम म्हणे, “एवढाच आहे. उन्हात ठेवू नका.” हो म्हटलं.
स्टँडवर शाळेतला पक्या भेटला. अकोटला चालला होता, जुना ट्रॅक्टर पाहायला. “चाल ना बे, दोन घंट्यात वापस.” कोणी चाल म्हटलं की मी निघतोच. तुकड्याचं पाकीट त्याच्या गाडीच्या डिक्कीत. ट्रॅक्टर राहिला बाजूला, रसवंतीवर गप्पा, मग त्याच्या मामाकडे जेवण. गाडी उन्हात. डिक्कीचं झाकण चटके देत होतं.
वापस येऊन पाकीट उघडलं तर मेण एका बाजूला ओघळलेलं. अंगठ्यानं दाबून सारखं केलं. अंगठा पँटीला पुसला.
काहून पुसला?

९ मे, अमरावती
दवाखान्यात दिलं. काउंटरवाल्यानं नाव पाहिलं, उघडून नाही पाहिलं. मीही बोललो नाही.
मागच्या वेळी बायोप्सीची सुई टोचली तर फुफ्फुसातून हवा निसटली. बरगडीत नळी घालून चार दिवस पडली होती ताई. पुन्हा टोचणं धोक्याचं, हे डॉ.बाई तेव्हाच बोलली.
घरी येऊन पँट पाहायला गेलो. ताईच्या सासूनं भिजवली होती.

१३ मे
मोबाईलवर वाचून राहिलो. साखळ्यांची नावं म्हणजे नुसती अक्षरं अन् आकडे, ट्रकच्या नंबरासारखी. एक वाट बंद केली तर रोग दुसरीनं येते म्हणे कधी कधी. वाचता वाचता ऑक्टोपसला तीन हृदयं असतात इथपर्यंत गेलो. वापस आलो तर भीती जिथल्या तिथं.
ताई : “काहून रे, जेवला नाहीस? बिमार मी हाव का तू?”

१५ मे
डॉ.बाईला सांगून टाकलं. ओरडली नाही, ते जास्त वाईट. “मेण मऊ झाल्यानं तुकडा लगेच वाया जात नाही. पण अंगठा कशाला लावला? उरलेलं पुरेल की नाही, ते मुंबईवाले कापल्यावरच सांगतील.” मग म्हणे, “घरी सांगितलं?”
नाही.

१६ मे
सांगितलं. जिजाजी उठून बाहेर गेले. ताई : “बह्याडा, मले पँटीले पुसलं तुनं?” अन् हसली. हसता हसता खोकला, मग हसू गेलं.
“पुन्हा सुई आली तर मी नाई जात, सांगून ठेवते.”
“पुरेल ताई. तुयी शपथ, पुरेल.”
“मायी नको खाऊ लेका. सोताची खा.”

२३ मे
दवाखान्यातून फोन. उद्या पेशंटला घेऊन या, मॅडम बोलतील. पुढं काहीच नाही. पुरला का, कडी सापडली का, काउंटरवाल्याला माहीत नाही.
सासू म्हणे, चांगलं असतं तर फोनवरच सांगतलं असतं. जिजाजी म्हणे, वाईट असतं तर आजच बोलावलं असतं. ताईनं मला विचारलं, “तुले काय वाटते?” तिला सांगितलं, उद्या ऊन लई राहील, लवकर निघू.
उद्यासाठी निळी साडी इस्त्रीला दे म्हणाली. इस्त्रीवाला चौकात बसते. सरळ जातो, सरळ येतो.