बर्चवुडमधली अकरा मतं

नॉर्डल, विस्कॉन्सिन
१० एप्रिल

चि. रोलंड यास,
डार्लिसताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणात आपली जी जुंपली, त्यानंतर फोन करायचा नाही, लिहायचं, असं आपलं ठरलं. म्हणून लिहिते. पत्राचं एक बरं असतं, बोलणं चालू असताना कुणाला रिसीव्हर आपटता येत नाही.

तुला कळलंच असेल, मी पडले. चार मतांनी. शाळा मंडळावर मोरीन गेली, जनावरांच्या डॉक्टरची बायको. तुम्ही मॅडिसनवाले खूश असाल. आम्ही 'पालक आधी'वाली माणसं म्हणजे तुम्हाला अडाण्यांचा बाजार वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण चर्चच्या तळघरात चार बायका कॉफी घेऊन बसल्या आणि मुलांच्या हातात कोणती पुस्तकं देता ते आम्हाला आधी दाखवा म्हणाल्या, एवढीच सुरुवात होती रे. मंडळानं आम्हाला बोलायला दोन मिनिटं दिली आणि माइक बंद केला. त्या दिवशी मी ठरवलं, की आता माइकच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसायचं. साठ-सत्तर घरांच्या अंगणात माझ्या नावाच्या पाट्या लागल्या होत्या. मग त्या घरांतली मतं कुठे गेली?

आता मुद्द्याचं. बर्चवुड वृद्धनिवासात या खेपेला अकरा जणांनी मतं दिली. कुणी मत दिलं याची नावं कुणालाही बघता येतात, ती आमच्या ग्लेननं आणली. (ग्लेन म्हणजे पूर्वी खताचं दुकान होतं तो, आता आमचा अध्यक्ष.) त्यात आपल्या आईचं नाव आहे. रोलंड, मागच्या महिन्यात मी जेवून आले की नाही हे आईनं मला तीनदा विचारलं. मला ती मधूनच सेल्मा म्हणते, आणि सेल्मामावशी जाऊन किती वर्षं झाली! या बाईनं मतपत्रिकेवर खूण कशी केली? की कुणी करवली?

आणखी एक. मतपत्रिका घेऊन निवडणुकीच्या कामावरच्या दोघी बर्चवुडला आल्या, त्या दिवशी तुझी निळी गाडी तिथे उभी होती म्हणे. मी काही म्हणत नाही. फक्त विचारते.

गुडघा ठीक आहे. उत्तर सवडीनं लिही, पण खरं लिही, म्हणजे बहिणीचा जीव जरा थाऱ्यावर येईल.

तुझी,
डार्लिसताई


मॅडिसन
१७ एप्रिल

ती. ताईस,
रोलंडचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तू हरलीस याचं मला वाईट वाटलं, हे तुला खोटं वाटणार, तरी लिहितो. मी तुला मत दिलं नसतं, हेही लिहितो. म्हणजे खरं लिही म्हणालीस ती अट पुरी झाली.

हो, गाडी माझीच. दर महिन्याला जातो तसा गेलो होतो, आईला दालचिनीचे रोल घेऊन. त्या दोघी आल्या, एक तुमच्या बाजूची, एक आमच्या. गेली कित्येक वर्षं हा रिवाजच आहे, की वृद्धनिवासात मतपत्रिका न्यायची तर दोन्ही पक्षांची एकेक बाई जोडीनं जाणार, एकमेकींवर डोळा ठेवणार आणि परत येताना एकाच गाडीतून येणार. तुमच्या बाजूची होती ती ओपल, तुझ्याच चर्चमधली. तिनं मला खोलीबाहेर जायला सांगितलं आणि मी गेलो. बाहेर बसून अख्खा रोल खाल्ला. आईनं काय केलं ते मला माहीत नाही. विचारल्यावर ती म्हणाली की साखर कमी पडली आहे.

आता मी विचारतो. माझी गाडी उभी होती हे तुला कोणी सांगितलं? बर्चवुडसमोर कोण बसलं होतं? नॉर्डलमध्ये आता लोक गाड्यांचे नंबर टिपत बसतात का? आपण लहान होतो तेव्हा शेजारी एकमेकांच्या गाई ओळखायचे. तो ग्लेन तुला पुढे करून स्वतः मागे उभा आहे, असा मला वास येतो. खत विकत होता तेव्हाही तो तसाच होता.

आणि आईबद्दल. ती विसरते, कबूल. पण पत्त्यांत तिनं मला परवा धुतलं, वर म्हणाली की कॉलेजात शिकवून माणूस मंद होतो. जिनं तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं, तिला शाळा मंडळ म्हणजे काय हे समजत नाही असं म्हणवतं तुला?

राग आला तर राग लिहून काढ, पण अबोला धरू नकोस, एवढी मेहेरबानी असावी.

तुझा,
रोलंड


नॉर्डल
४ मे

चि. रोलंड यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

ओपलला मी गाठलं. चर्चमध्ये प्रार्थनेनंतर हल्ली आम्ही डावीकडच्या टेबलांवर कॉफी घेतो आणि मोरीनची माणसं उजवीकडे. ओपल बिचारी मध्ये किटली घेऊन उभी असते. तिला विचारलं, तर म्हणाली की खोलीत जे झालं ते सांगायचं नाही अशी तिनं शपथ घेतली आहे. आईनं खूण स्वतः केली का, एवढं तरी सांग म्हटलं, तर म्हणाली की डार्लिस, तू मला पन्नास वर्षं ओळखतेस. मी म्हटलं, म्हणून तर विचारते. तेव्हापासून तीही उजवीकडे बसू लागली. आता तूच सांग, मनात पाप नसेल तर टेबल कशाला बदलायचं?

आमच्या 'पालक आधी'च्या समितीची बैठक झाली. वकील आला होता, मिलवॉकीचा, तरुण आहे, फार गोड बोलतो. तो म्हणाला, की बर्चवुडची मतं संशयास्पद आहेत एवढं म्हणून काही होत नाही. त्यातल्या एका तरी मतदाराला निवडणूक म्हणजे काय हे समजत नाही असं न्यायाधीशानं ठरवून द्यायला हवं. एक विटकर निघाली, की भिंत हलवून बघता येते. त्या अकरा जणांच्या पोराबाळांच्या घरी ग्लेन फिरला. कुणी दार उघडलं नाही, कुणी उघडून बंद केलं. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी अर्ज केला आहे. आईबद्दल, तिला निवडणूक समजत नाही असा.

लगेच आकाशपाताळ एक करू नकोस. तिचं खाणंपिणं, खोली, पैसे, कशालाही धक्का नाही. फक्त पुढे मत देता येणार नाही, आणि ते तिला कळणारही नाही. तुला वाटतं मी खुर्चीसाठी करते. रोलंड, माझं आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी ऐकून घेतलं. नवरा गेला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी फुलं पाठवली. ही माणसं घरी आली, पाइप दुरुस्त केला, बटाट्याचं भाजलेलं कॅसरोल ठेवून गेली. आता ती सांगतात की तुझ्याशी लबाडी झाली, तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवू की बाहेर बसून रोल खाणाऱ्यावर?

रागावलास तरी भावासारखा रागाव, विरोधी पक्षासारखा नको.

तुझी,
डार्लिसताई


मॅडिसन
९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता थोडक्यात लिहितो.

तुझ्याशी लबाडी झाली असं तुला वाटतं, त्याचा पुरावा म्हणून तू आपल्या आईला वेडी ठरवायला निघाली आहेस. 'तिला कळणारही नाही' असं लिहिलंस. वकिलानं हे सांगितलं नाही का, की नोटीस तिच्याच हातात द्यावी लागते? शेरीफचा माणूस टोपी काढून तिच्या खोलीत जाईल आणि कागद तिच्या मांडीवर ठेवील. तिला वाचता येतं, ताई.

तुझा पाइप मीही दुरुस्त केला असता. तू सांगितलं नाहीस. की तेव्हाही मी तुला चुकीच्या बाजूचा वाटत होतो? हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, मला खरंच जाणून घ्यायचं आहे. त्या वर्षी मी यायला हवं होतं, हे मात्र खरं.

सुनावणीला येत नाही. आलो तर तुझा वकील म्हणेल की पढवायला आला.

या वेळी आणखी काही लिहवत नाही. तरी तुझाच,
रोलंड


बर्चवुड
२० मे

चि. डार्लिस हिस,
आईचे आशीर्वाद.

हात कापतो म्हणून चार ओळी. नोटीस मिळाली. आणणारा मुलगा हॅलव्हर्सनांचा नातू निघाला, फार लाजत होता, त्याला बसवून कॉफी दिली. शाळेत असताना हा वाटाणे ताटाखाली लपवायचा.

कोर्टात घालायला माझा निळा ड्रेस आण, आणि त्यावर इस्त्री कर. गुंडी तुटली आहे, ती लाव. लोकांनी म्हणू नये की म्हातारीला पोरं बघत नाहीत.

तू शाळा मंडळावर उभी होतीस तेव्हा मला एकदाही येऊन विचारलं नाहीस, की आई, मत देशील का. मोरीन आली होती. रोलंडला यातलं काही बोलले नाही. बाबांनाही सांगू नकोस, ते उगाच तळतळतील.

जेवत जा. बारीक झाली आहेस.

तुझी,
आई


नॉर्डल
१४ जून

चि. रोलंड यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईची चिठ्ठी सोबत पाठवते आहे. ती आली तेव्हा मी ग्लेनला वाचून दाखवली. तो 'बाबांनाही सांगू नकोस'पाशी थांबला आणि म्हणाला, की झालं, हाच पुरावा. बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली. मला वाटलं की ती थट्टा करते आहे. मग वाटलं की नाही करत. मग वाटलं की चिठ्ठी तूच सांगून लिहवून घेतलीस. बघ, कुठवर गेले होते मी.

सुनावणी काल झाली. मीच तिला गाडीतून नेलं, दुसरं कोण नेणार? निळा ड्रेस, गुंडी लावलेली. वाटेत तिनं मला एकदा डार्लिस म्हटलं, एकदा सेल्मा म्हटलं. मी दोन्ही नावांना ओ दिली. कोर्टात एका बाजूला आमची माणसं, दुसऱ्या बाजूला मोरीनची, कॉफीच्या टेबलांसारखीच. ओपल मागच्या बाकावर होती.

न्यायाधीश बाई सभ्य होत्या. त्यांनी महिना विचारला, आईनं बरोबर सांगितला. गव्हर्नरचं नाव विचारलं, तर म्हणाली की चेहरा आठवतो, नाव नाही, आणि तो लक्षात ठेवण्यासारखा माणूसही नाही. दोन्ही बाजू हसल्या, बऱ्याच महिन्यांनी एकदम. निवडणूक कशासाठी असते असं विचारलं. आई म्हणाली, की वर बसलेल्याला खाली उतरवता येतं हे त्याच्या लक्षात राहावं म्हणून. आमचा वकील खाली बघून कागद चाळत होता.

मग न्यायाधीशांनी विचारलं, की हा अर्ज कुणी केला हे ठाऊक आहे का, आणि त्या टेबलाशी बसल्या आहेत त्या बाई कोण? आईनं चष्मा पुसला. माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, की ही शाळा मंडळाची उमेदवार आहे.

न्यायाधीशांनी हळूच विचारलं, की आणखी कोणी लागते का तुमची? आई म्हणाली की नाही, उमेदवारच.

वकील ताडकन उठला. पोटच्या मुलीला ओळखत नाही, म्हणाला, आता आणखी काय दाखवायचं? ग्लेननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. वकिलानं मला उभं केलं आणि कानात सांगितलं, की एकच वाक्य बोला, मी हिची मुलगी आहे आणि हिनं मला ओळखलं नाही. बस, संपलं. खोटंही नव्हतं ते.

मी उभी राहिले. आई माझ्याकडेच बघत होती. त्या नजरेत मी खूप शोधलं रे, सेल्मा आहे का, डार्लिस आहे का, राग आहे का, धुकं आहे का. मला काही कळलं नाही. जिच्या पोटी जन्मले तिचे डोळे मला वाचता आले नाहीत.

मी न्यायाधीशांना सांगितलं, की आईनं मला बरोबर ओळखलं आहे. तिचं डोकं ठिकाणावर आहे. अर्ज मी मागे घेते.

आमच्या बाजूचं कुणी माझ्याशी बोललं नाही. संध्याकाळी ग्लेन येऊन अंगणातली पाटी स्वतः उपटून घेऊन गेला, म्हणाला की पुन्हा वापरता येईल. मोरीनच्या बाजूच्या एकीनं जाता जाता शाबासकी दिली, तिचा मला जास्त संताप आला.

आईला परत बर्चवुडला सोडलं. खोलीत तिच्या गुंड्या सोडवून दिल्या, पांघरूण घातलं, निघाले.

आता तू लिहिशील, की ताई, तिला खरंच आठवलं नसेल, वयच झालं आहे, मनाला लावून घेऊ नकोस. तू समजूतदार आहेस, नक्की लिहिशील. तेवढं लिहू नकोस. ती रागावली आहे, असंच मला राहू दे. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. रविवारी मी जाणार आहे, त्याच्या पुढच्या रविवारीही.

तू ये. फोन केलास तरी चालेल, मी आपटणार नाही.

तुझी,
डार्लिसताई