सासूबाई यानातून उतरेनात, त्याची हकिगत

अवसरी बुद्रुक,
गणपती उठल्यानंतरचा शनिवार

साडूभाऊ गोरखराव यांच्या सेवेशी,

धाकट्या साडूचा, म्हणजे हौशीरामाचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. आपली तब्येत, उज्ज्वलाताईंची कंबर आणि नवी गाय, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. (सर्व म्हणजे मी. शीला माझ्याशी लागेल तेवढंच बोलते.) तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्राचा खटाटोप. आपल्या सासूबाईंचा जो व्हिडिओ तुमच्या राजुरीत घरोघरी पोचला, तो अर्धाच आहे. त्यात फक्त तुमचं नाव ऐकू येतं. माझं त्याच्या आधी घेतलं होतं, हे आपलं दुःख हलकं व्हावं म्हणून कळवतो.

झालं असं. मंचरच्या हार्डवेअरवाल्या लालचंदशेठचा कल्पेश यंदा आमच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याने देखाव्याला विषय काढला, ‘सन २१२५ : अवसरीचं प्रवासी अंतराळयान’. पत्रा त्याच्या दुकानातून, बांधणी माझ्या वर्कशॉपमध्ये. आता मी पडलो ट्रॉल्या बनवणारा. (आपण मला पाहुण्यांसमोर ‘पत्रेवाला’ म्हणता, ते माझ्या कानावर आहे.) पण विषय डोक्यात असा बसला की दोन शेतकऱ्यांच्या ट्रॉल्या अर्धवट राहिल्या. मी विचार केला, शंभर वर्षांनी यानं काय फक्त मोठ्या शास्त्रज्ञांनीच बनवायची? सांगाडा आमच्याकडे होईल, गाद्या-कुशन राजुरीत, रंगकाम आळेफाट्यावर. माणसं मंगळावर लग्नाला जातील, ती काय हात हलवत जातील? बोचकी असतील, आहेराची भांडी असतील, रुसलेला एखादा मामा असेल. कल्पेशला मात्र टोकदार नाक, दोन बाजूंना तोफा आणि खालून जाळ हवा होता. मी म्हटलं, अरे बाबा, ही नागरी गाडी आहे, लढाईला नाही निघालेली. शेवटी जाळावर तडजोड झाली आणि मागच्या बाजूला पेंटरकडून लिहून घेतलं, ‘अवसरी – चंद्र – शुक्र, मार्गे आळेफाटा’.

या कामात मला खरी मदत झाली ती सासूबाईंची. मोडलेला पाय बरा झाल्यापासून त्या रोज वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसत. (घरात शीला त्यांना काही करू देईना, आणि मला त्यांना काही बोलता येईना.) बायकांचा डबा वेगळा पाहिजे, ही सूचना त्यांची. त्याला कडी आतून पाहिजे, हीही त्यांचीच. खिडकी उघडणारी हवी म्हणाल्या. मी समजावलं की वर हवा नसते. तर म्हणाल्या, “मंग तर उघडीच पायजे. कोंडून मरायचं व्हय?” सीट त्यांच्या मापाने केली, मांडी घालून बसता येईल अशी. माणूस इतका जीव लावून सूचना करतो तेव्हा आपण सावध व्हायला हवं होतं. मी खूश झालो.

उद्घाटनाला तालुक्यातले एक पुढारी आले. यानात माइक ठेवला होता. सासूबाईंनी म्हाताऱ्या प्रवाशाचं काम करायचं, कल्पेशने लिहून दिलेलं ‘आम्ही निघालो चंद्रावर’ एवढं वाक्य म्हणायचं आणि उतरायचं. त्या आत गेल्या, कडी लागल्याचा आवाज आला आणि माइक सुरू झाला.

“मी गोजरबाई, ऱ्हाणार आळे. तितं माझं सवताचं घर हाय. पाय मोडला तवा ह्या दोघा जावयांनी दोन म्हैन्यासाठनं आणली. आता हौशीराम म्हंतो राजुरीला जा, गोरखराव म्हंतो अवसरीलाच ऱ्हावा. पाय कवाच बरा झाला. पर घराची चावी हौशीरामाच्या गल्ल्यात, आन घरात गोरखरावाचं कांदं. आता मी हितंच ऱ्हाणार. ह्याला कडी आतून हाय.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, देखावाच आहे. पुढारी आपल्या माइकवरून ‘अत्यंत जिवंत अभिनय’ असं म्हणाले. मी पत्र्यावर थाप मारून हळूच म्हटलं, “आई, पावणं खोळंबल्यात.” आतून, माइकवरूनच, उत्तर आलं, “खोळंबू द्या. चंद्रावर जायाचं म्हंजी येळ लागायचाच.”

मी ग्राइंडर आणला. (कडी मीच बसवली होती, ती माझ्याकडून तुटणारी नव्हती.) तेवढ्यात शीला दारापुढे येऊन उभी राहिली. “ठेवा त्यो खाली,” एवढंच बोलली. तेव्हा मी खिडकीतून आत डोकावलो. गोरखराव, त्या मांडी घालून बसल्या होत्या, आणि मांडीवर त्यांची कपड्यांची पिशवी होती. लुगडी, गोळ्या, चष्म्याचं घर, सगळं भरलेलं. आम्ही सगळे नाटक करत होतो आणि त्या बाई खरोखर निघाल्या होत्या. मी ग्राइंडर खाली ठेवला. आपण दोघांनी त्यांना विचारलं होतं का हो कधी? तुम्ही विचारलं असेल तर कळवा.

मी वर्कशॉपकडे पळालो, गल्ल्यातली चावी आणली आणि खिडकीतून आत दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, मग कडी काढली. मंडळाला पहिलं बक्षीस मिळालं. कल्पेश पुढच्या वर्षासाठी आतापासूनच सासूबाईंना धरून आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांना आळ्याला नेलं. कुलूप उघडलं, पण दार उघडेना. आतून तुमच्या कांद्याची पोती घसरून दाराला टेकलेली. त्या उंबऱ्याशीच बसल्या, परत चला म्हटलं तर ऐकेनात. सध्या मुक्काम शेजारच्या धोंडाबाईंच्या पडवीत आहे. येणाजाणाऱ्याला त्या कारण सांगतात. नावानिशी.

कळावे, लोभ आहे तेवढा तरी ठेवावा.

आपला,
हौशीराम

ता. क. – मुख्य मुद्दा राहिलाच. बुधवारी सकाळी माझी ट्रॉली आळ्याला उभी असेल. कांदा हलवायला माणसं घेऊन यावं, ही नम्र विनंती.

ता. क. २ – शीलाने वरचं वाचलं. ‘विनंती’ खोडा म्हणाली. खोडली असं समजावं.

ता. क. ३ – आत्ताच धोंडाबाईंच्या फोनवरून सासूबाई बोलल्या. निरोप जसाच्या तसा देतो : “थोरल्या जावयास्नी सांगा, दोन पोती ऱ्हाऊ द्या, समद्यांना जेवाया बोलवायचंय. आन कांदं चिराया तुमी दोघंच या.”