बाकीची दोन उत्तरं

२ जून, सोमवार. सकाळी ११.
नवा संकल्प. या आठवड्यापासून कोणाचंही लांबण लावलेलं ऐकायचं नाही. मुद्दा पहिल्या वाक्यात असतो, बाकी सगळं पाल्हाळ.

डेटाबेसवाल्या बाईंना पाल्हाळाची भारी हौस. नर्सिंग कॉलेजच्या निकालाचं वेबपेज मी करतोय. त्या म्हणाल्या, एका क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नाला, तीन उत्तरं येतील, एकामागून एक. पहिलं म्हणजे निवड झालेल्यांची यादी. कळलं म्हणालो आणि उठलो. त्या मागून बोलतच होत्या.

सोमवार, संध्याकाळी ६.
पेज तयार. यादी चुटकीसरशी येते. भाचीनेही याच कॉलेजात अर्ज केलाय. मामानेच साइट केलीय, असं ताई गावभर सांगत सुटलीय. सांगू दे, खोटं थोडंच आहे. उद्या दहाला निकाल. जागा मिळालेल्यांनी शुक्रवारी पाचच्या आत होकार द्यायचा, नाहीतर जागा पुढच्याला.

३ जून, मंगळवार. सकाळी ९.३०.
किरकोळ कटकट. पुढची क्वेरी टाकली की डेटाबेस अडून बसतो: आधीचीच उत्तरं तुम्ही अजून उचललेली नाहीत. शुद्ध आडमुठेपणा. इलाज केला. पहिली यादी आली की कनेक्शन तोडायचं, पुढच्या क्वेरीला नवं जोडायचं. एरर गायब. याला म्हणतात अनुभव.

१०.०५.
भाचीचं नाव नाही. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. तिला दुसरं काही करायचंच नाहीये.

ताईला फोन करून सांगितलं, मी स्वतः पाहिलंय, शंकेला जागा नाही. फोन ठेवला.

४ जून, बुधवार. संध्याकाळी ७.
ताईचा फोन. कसा आहेस, म्हणाली. आता रडणार, हे ओळखलं. मला कोणाचं रडणं ऐकवत नाही. बरा आहे म्हणालो आणि ठेवला. पुन्हा दोनदा वाजला. सायलेंटवर टाकला. जेवण गेलं नाही, पण त्याचं कारण उकाडा.

५ जून, गुरुवार. दुपारी १२.
सकाळपासून पालकांचे फोन. एक वडील म्हणाले, मुलगी निवडीत नाही, वेटिंगची यादी तर पेजवर नाहीच, मग ती आहे कुठे? रिफ्रेश करा म्हटलं. त्यांनी सहा वेळा केलं होतं.

साहेबांनी विचारलं, पेज कोणाकडून तपासून घेतलंस? माझ्याकडून, म्हटलं. बाई मध्येच बोलायला लागल्या, बाकीची उत्तरं... मी म्हटलं, सगळी उत्तरं माझ्याकडे आहेत. त्या जागेवर परत गेल्या. शर्ट पाठीला चिकटलाय. एसी दुरुस्त करायला सांगायला हवा.

६ जून, शुक्रवार. दुपारी ४.१०.
बाई आल्या. "जरा उठा," म्हणाल्या. माझ्या खुर्चीत बसून चार ओळी घातल्या. एक उत्तर संपलं की पुढचं मागायचं, एवढंच. स्क्रीनवर दुसरी यादी उतरली: वेटिंगमधून जागा मिळालेले, अडतीस जण. खाली तिसरी: कागदपत्रं अपुरी असलेले.

दुसऱ्या यादीत तिसरं नाव भाचीचं.

ही कधी आली, मी विचारलं.

"रोजच येत होती," बाई म्हणाल्या. "तुम्ही पहिलं घेऊन दार लावलंत. बाकीची दोन बाहेर उभी होती."

४.२६.
ताई उचलत नाही. भाचीचा एंगेज. साहेब मुदत वाढवून मागायला कॉलेजकडे धावलेत.

४.४८.
भाची लागली. एका दमात सांगितलं, जागा मिळालीय, बारा मिनिटं उरलीत, जा, पळ.

"मामा, मी बुधवारीच होकार देऊन आले," ती म्हणाली. "कॉलेजच्या ऑफिसात कागदावर यादी लावलीय. आईने तुला फोन केला होता ना? कागदावर नाव आहे आणि साइटवर नाही, एकदा बघ, हे सांगायला. तू म्हणे बरा आहे म्हणालास आणि ठेवलास."

बुधवारी. दोन दिवस हातात होते. लाज वाटली. दुसरा शब्द सापडत नाही.

७ जून, शनिवार. सकाळी १०.
मुदत सोमवारपर्यंत मिळाली. आता उरलेल्या सदतीस घरी मीच फोन करायचा, असं साहेबांचं फर्मान. शेजारी बाई बसल्यात. नवा संकल्प: समोरच्याने ठेवल्याशिवाय ठेवायचा नाही.

पहिल्याच घरी एका आईने उचलला. पहिल्या वाक्यात माझा उद्धार झाला. दुसऱ्यातही तोच. अंगठा लाल बटणावर गेला होता, पण थांबलो. तिसऱ्या वाक्यात त्या म्हणाल्या, चार दिवस पोरगी धड जेवली नाही, इथेच बसलीय, तिला तुम्हीच सांगा.

सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मी फोन कानाला धरून बसलो.

अजून छत्तीस घरं.