उभ्या मोटारीची बॅटरी

मु. बारामती,
ता. २० डिसेंबर १९३६

तीर्थस्वरूप म्हाळसाअक्कास, सोपानचा पळसदेवच्या दिशेला तोंड करून नमस्कार.

लिहीन लिहीन म्हणत दिवाळी गेली. एक कार्ड आणलं, त्याच्यावर मोटारीच्या वायरींचं चित्र काढत बसलो. दुसरं आणलं, ते खिशात घामानं भिजलं. खरं कारण हे नव्हे, पण ते पुढं येईल तेव्हा येईल. मास्तर, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून तुम्हालाही नमस्कार. अक्काकडं राहून तुमच्या शाळेत चौथीपर्यंतच टिकलो, पण अक्षर बघा, ओळीत आहे.

म्हैस व्याली का? दाजींचा गुडघा कसा आहे? घरी वरकुट्याला आपल्या आबांचा खोकला, बांधावरची चिंच, ढवळा बैल, सगळ्यांचं कळव.

मी इथं मोहनराव बागाईतदारांच्या मोटारीवर आहे. कॅनॉलच्या पाण्यावर त्यांचा ऊस आहे. मोटार हाकणं, पुसणं, बिघडली की उघडणं, सगळं माझ्याकडं. कुर्डुवाडी, बार्शी, फलटण, कुठं तीन महिन्यांच्या वर टिकलो नाही, हे तुला ठाऊक. इथं सातवा चालू आहे. पहिल्यांदाच वाटतंय, की इथून कुणी हाकलू नये.

आणि नेमकी हाकलायचीच वेळ आली होती. दसऱ्यानंतर मोटारीची बॅटरी रातोरात उतरायला लागली. बॅटरी म्हणजे वीज साठवायची पेटी, ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीखाली असते. तिच्यात जोर असला तर मोटार जागी होते. संध्याकाळी बाहेरून आलो की पेटी भरलेली, आणि सकाळी हॉर्न दाबावा तर म्हाताऱ्या बोकडासारखा आवाज. मग बैल जुंपून मोटार ओढायची, तेव्हा कुठं ती खोकत सुरू होणार. म्हस्कू गाडीवान बैल हाकता हाकता म्हणायचा, "ड्रायव्हरसाहेब, वैरण बैलांला घालू का तुमच्या मोटारीला?"

मोहनरावांना हसू येत नव्हतं. "चालवली की भरती म्हणतोस, आन उभी ऱ्हायली की उतरती. मंग रातचं दिवं लावून फिरतंय कोण? येत्या बाजारापतोर शोध. न्हायतर वळकटी उचल."

शोधायची रीत अशी. एकेक वायर सोडायची आणि तिचं टोक पेटीच्या खांबाला, म्हणजे वर आलेल्या शिशाच्या खुंटीला, टेकवून बघायचं. ठिणगी उडाली तर ती वायर चोरून वीज पिते. दिवे बघितले. हॉर्न उघडला, तर आत गांधीलमाशीचं घर, इतकं बारीक कोरलेलं, की माझा अर्धा दिवस तेच बघण्यात गेला. ठिणगी कुठंच नाही. मग संध्याकाळी सगळ्याच वायरी सोडून ठेवल्या. सकाळी पेटी तरीही उतरलेली. मग पेटीच काढून माझ्या बाजेपाशी ठेवली. सकाळी बघतो तर टच्च भरलेली. म्हणजे पेटीचा दोष नाही, वायरींचा नाही. मोटार उभी असते त्या छपरात रात्री कुणीतरी येत होतं.

पेटी परत बसवली. दिवेलागणीला मी कॅनॉलवर हातपाय धुवायला जातो. त्या दिवशी गेलो नाही, मागच्या सीटवर गोणपाट पांघरून पडलो. आल्या त्या द्वारकाबाई, मोहनरावांच्या घरच्या, आमच्या मालकीणबाई. फळी उचलली, पेटीच्या दोन्ही खांबांना हळदकुंकू लावलं, वर पाणी सोडलं आणि ओला तांबडा दोरा या खांबापासून त्या खांबाला सात वेढे गुंडाळला. वडाला गुंडाळतात तसा.

चूक माझीच. दसऱ्याला मीच फळी उचलून त्यांना दाखवलं होतं, हा मोटारीचा जीव म्हणून. वीज त्या ओल्या दोऱ्यातनं रात्रभर झिरपायची. पहाटे धारा काढायला आल्या की त्या दोरा काढून न्यायच्या, आणि मागं राहिलेला लाल डाग मी गंज समजायचो.

मी उठून बसलो तसा त्यांच्या हातातला तांब्या पडला.

"मालकास्नी सांगशील?"

"काय सांगायचं, ते आधी मला तर सांगा."

"गेल्या साली इंदापूरच्या वाटंवर मोटार उलटली. हे वाचलं. म्हणलं पूजा करू, तर म्हणत्यात, मोटार हाय, म्हसोबा न्हाय, कुकू दिसलं तर मोटारीसंगं तुलाबी इकून टाकीन." जरा थांबून म्हणाल्या, "भायेर गेलेलं माणूस माघारी यावं, येवढंच मागती. तुला काय कळायचं ते. तुजी वाट बघणारं हाय का कुणी?"

मास्तर, ओसरीवर कुणी बसलं असेल, तर इथून पुढचं अक्काच्या कानाशी वाचा.

अक्का, वर मी बैलाचीसुद्धा चौकशी केली. घरच्या माणसाची केली नाही. आमच्या पोरीला ताप होता तेव्हा मी भिगवणला गेलो. तिथं लॉरीचं इंजिन उघडलंय असं ऐकलं होतं. सांजच्याला येतो म्हणालो आणि तीन दिवस राहिलो. आलो तर पोर गेलेली, पाळणा सोडलेला. पोरीच्या आईनं काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या पुढं केला आणि आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर मी राहिलो असतो. तुम्हा सगळ्यांना सांगितलं, पोटासाठी बाहेर पडतोय. ते खोटं. मी त्या तांब्यापासून पळालो. मला वाटायचं, फिरतो मी, म्हणजे झिजायचं ते मी, ती तर घरात आहे. उभ्या उभ्याही माणूस उतरत असेल, हे मला एका पेटीनं शिकवलं. मास्तर, हसू नका.

द्वारकाबाईंना मी एवढंच म्हणालो, "हाय. वरकुट्याला, आबाजी शेलारांच्यात." त्यांनी तिचं नाव विचारलं, ते घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी खांब सोड्याच्या पाण्यानं धुतले आणि मोहनरावांना सांगितलं, मळ साचला होता, पुसायचं माझंच राहिलं.

"म्हंजी तुजीच चूक."

"व्हय."

"मंग ऱ्हा. धूत जा." एवढं म्हणून उसाकडं गेले. द्वारकाबाई आता मागच्या चाकाला आतल्या अंगानं कुंकू लावतात. तिथं मालक कशाला वाकून बघतात. बॅटरी महिनाभर उतरली नाही. राहायला जागा पक्की झाली, आणि त्या दिवसापासून जास्तच सुनं वाटतंय. संध्याकाळी माणसं घरी येतात, तेव्हा मी मोटार पुसत बसतो.

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज येतोय. म्हस्कू आला वाटतं. चार दिवसांमागं इंदापूरच्या बाजारला बैल बघायला म्हणून गेला होता. थांब, बघून येतो.

आलो. अक्का, गाडीमागं बैल काही बांधलेला नाही. गाडीत एक गाठोडं आहे आणि गाठोड्याशेजारी ती बसली आहे. वाळली आहे. माझ्याकडं बघितलं, मग मोटारीकडं, आणि म्हस्कूला विचारलं, "हीच का ती?" म्हस्कू माझ्याकडं बघेना. द्वारकाबाई कुंकवाचा करंडा घेऊन पायऱ्या उतरताहेत. त्यांना जराही नवल वाटलेलं दिसत नाही.

पुढं लिहीत नाही. तांब्या भरून घेतलाय. या वेळी मी पुढं करायचा. घेईल की नाही, ठाऊक नाही.

तुझा भाऊ, आणि राहिलेलं नाव इथं घेतो,
बानूबाईचा नवरा,
सोपान