घागर बाहेर, बाई आत

प्रिय अक्का,

तुला माती देऊन आले तेव्हाच ठरवलं होतं, तुझ्याशी बोलायचं नाही. काय बोलायचं? न विचारता वाचनालयाच्या कार्यकारिणीत स्वतःच्या जागी माझं नाव लावून ठेवलंस आणि निघून गेलीस! पण आज राहवत नाही. थोड्या वेळानं उदगीरला सभा आहे, आणि तुझ्या महिला दालनाचं काय करायचं ते तिथं ठरणार आहे. आणि मी कुठं? इंग्लंडात, रेणूच्या गावी, इथल्या वाचनालयात फोन पुढ्यात ठेवून बसलेय.

रेणू ऑफिसला जाताना सोडून गेली. "आई, घरात एकटी बसून माझ्या भांड्यांवर राग काढू नकोस. इथं बस," म्हणाली. माझी लेक, पण बोलते अगदी तुझ्यासारखी.

अक्का, याला वाचनालय म्हणतात हे सांगितलं तर तुला खरं वाटायचं नाही. आल्या आल्या मी सवयीनं 'शांतता राखा'ची पाटी शोधली. कुठली पाटी नि कुठली शांतता! एका कोपऱ्यात तान्ही लेकरं मांडीवर घेऊन आया टाळ्या वाजवत गाणी म्हणतायत. पुस्तकांच्या कपाटांना चाकं आहेत. ती ढकलून मधे जागा केली की संध्याकाळी तिथं नाच शिकवतात. खिडकीपाशी बायका विणत बसल्यात. त्यात एक म्हातारी पंजाबी बाई आहे, तिचा आवाज उदगीरच्या बाजारात सहज खपून जाईल. चहाची किटली आहे. ज्याला गुपचूप अभ्यास करायचाय तो वरच्या मजल्यावर जातो, बस्स. कुणी कुणाला 'श्श' करत नाही. बघून मला रागच आला. हे सगळं बघायला मी का? तू का नाही?

ते वर्ष आठवतं का गं? लातूर नवा जिल्हा झाला, आपल्या पाटीवरचं 'उस्मानाबाद' खरवडून तू 'लातूर' लिहून घेतलंस. आता झटपट कामं होणार म्हणून गावात पेढे वाटले. आणि पावसानं दडी मारली ती मारलीच. जिल्हा जवळ आला आणि पाणी लांब गेलं! टँकर यायचा वाचनालयासमोरच्या हौदावर, पण कधी येईल त्याचा नेम नसायचा. बायका घागरी रांगेला लावून दिवसभर उन्हात ताटकळायच्या.

तू नुकतीच ग्रंथपाल झाली होतीस. बाईमाणूस तेव्हा वाचनालयाची पायरी चढत नव्हतं. तू दार सताड उघडलंस आणि म्हणालीस, "घागर बाहेर, बाई आत!" घागरीनं पाळी धरायची, बाईनं सावलीत बसायचं. बसल्या बसल्या तू त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचीस. पेपर वाचायला येणारे बाप्ये तोंडं वाकडी करायचे.

अध्यक्ष होते आडतवाले अप्पा. एक दिवस कुलूप घेऊनच आले. "अक्का, हे वाचनालय हाय का पाणवठा? बायका निस्त्या कलकल करायल्यात!" मी तुझ्या मागं उभी. तू शांतपणे म्हणालीस, "लावा की कुलूप. पर आधी आत बघून घ्या अप्पा, तुमच्या घरची माणसं कोंडली जातील." आत त्यांची बायको तान्ह्या बसवराजला मांडीवर घेऊन ऐकत बसलेली! अप्पांनी कुलूप मुकाट्यानं खिशात घातलं.

आणि सुगराबी! तिचं लेकरू तापानं फणफणलं म्हणून ती घरी पळाली, आणि नेमका तेव्हाच टँकर आला. मागच्या बायांनी तिची घागर पायानं बाजूला सारली. एरवी तू आवाज न चढवणारी, पण त्या दिवशी केवढ्यांदा ओरडलीस! "घागर हाय म्हंजी बाई हाय!" आणि स्वतः ती घागर उचलून परत तिच्या जागी ठेवलीस. पुढं सगळ्या गावात तोच कायदा झाला.

तेव्हा मांडीवर असलेला बसवराज आज अध्यक्ष आहे. त्याला तुझ्या दालनात अभ्यासिका करायचीय. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी फळ्या ठोकून कप्पे, आणि कडक शांतता. म्हणजे गुरुवारचं बायकांचं वाचन बंद. त्याचंही अगदीच खोटं नाही, पोरांना घरात पाय पसरायला जागा नसते. पण बायकांना तरी कुठं असते? मतं निम्मी निम्मी पडतील असं सगळे म्हणतायत. म्हणजे माझ्या मतावर आलं सगळं.

फोन वाजला. थांब.

सभा संपली.

तिकडं आताच्या ग्रंथपाल पोरीनं फोन टेबलावर उभा केला होता, सगळे दिसत होते. तुझी खुर्ची रिकामी. हात वर झाले, मोजले, आणि झाली बरोबरी. मी म्हटलं, "माझं मत दालनाला." बसवराज गोड हसला. "मावशी, तुमचा मान हाय. पर नियमानं हजर माणसाचंच मत धरता येतंय. तुम्ही पडलात परदेशात. अन् बरोबरी झाली तर अध्यक्षाचं मत जड."

अक्का, माझं डोकंच सणकलं! वाचनालयात बसलेय हे विसरून मी ओरडले. लेकरांची गाणी थांबली, विणकाम थांबलं. आता हाकलतात, म्हटलं. तर ती पंजाबी बाई म्हणते, "बहनजी, और ज़ोर से बोलो! ऐसे नहीं सुनते ये लोग!"

पण तिकडं ठराव लिहायला घेतलाही होता. माझा आवाज कोण ऐकतंय?

तेवढ्यात तिकडं कुणीतरी दार ढकललं. सुगराबी! माझं मत धरणार नाहीत ही कुजबुज तिच्या कानावर आधीच गेली होती म्हणे. पार वाकलीय गं ती. एका हातात काठी, काखेत पितळेची पोचे पडलेली घागर. सरळ तुझ्या खुर्चीपाशी आली आणि घागर खुर्चीवर ठेवली.

"हाजिर हाय. लिखो," म्हणाली.

"सुगरामावशी, हे काय लावलंय?" बसवराजनं विचारलं.

"कायकू? घागर हाय तो बाई हाय. तेरी माँ बी इसीच कायदेसे पानी भरी. तू गोदमें था."

जुने सभासद खाली बघत होते, त्या रांगेचं पाणी सगळ्यांच्याच घरी गेलं होतं. बसवराज घागरीकडं बघत राहिला. शेवटी तो त्या पोरीला हळूच म्हणाला, "लिहा. नंदामावशी हजर."

दालन राहिलं, अक्का! एका मतानं राहिलं!

मी इथं सगळ्यांदेखत रडले. पंजाबी बाईनं चहा आणून दिला. "जीत गए?" तिनं विचारलं. "हाव," मी म्हटलं. तिला तेवढ्यात सगळं कळलं.

फोन ठेवताना बसवराज म्हणाला, "मावशी, आता पोरांनी कुठं बसायचं ते बी सांगा." बरोबर आहे त्याचं. तुझ्याशी भांडत बसण्यापेक्षा आता त्याचीच सोय बघते. आणि मरायच्या आधी विचारलं असतंस तर मी नाहीच म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाहीस ना? लबाड कुठली!

तर ऐक, शब्द देते. पुढच्या महिन्यात येतेय. गुरुवारी बायकांना मी मोठ्यानं वाचून दाखवीन, बाकीचे दिवस दालन पोरांना उघडं. तोवर घागर खुर्चीवरून हलवायची नाही असं सुगराबीनं बजावलंय, रोज येऊन बघून जाणार आहे म्हणे. आल्यावर ती मी माझ्या हातानं उतरवीन, आणि तिथं मी बसेन.

पाळी धरून ठेव गं. येतेच.

तुझी चिडकी धाकटी,
नंदा